प्रेक्षकाचें आसन

कादंबरी हा प्रकार आपल्याकडे नवा होता, तेव्हां तो सभ्य घरांतील मुलांच्या हातीं पडूं नये अशी काळजी वडीलधारी मंडळी घेत असत. नाटकांविषयीं तर बोलावयासच नको; आणि बोलपट आला तेव्हां त्याच्या नांवानें बोटें मोडणाऱ्यांत, ऐन तारुण्यांत नाटकांपायीं रात्री जागविलेले गृहस्थच पुढें होते. प्रत्येक नवी कला आधीं व्यसन म्हणून ओळखली जाते, मग करमणूक म्हणून तिला ओसरीवर जागा मिळते, आणि पुष्कळ काळानें ती माजघरांत येते. ज्यांस आपण व्हिडिओ गेम म्हणतों ते खेळ आमच्या वर्गाच्या घरांतून अद्याप ओसरीवरच उभे आहेत. मुलें तेथें जाऊन त्यांच्याशीं बोलतात. आपण आंतून ‘अभ्यास झाला का?’ म्हणून हांक मारतों. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत तीस वर्षें घालविलेल्या आमच्यासारख्या माणसाची समजूत याहून निराळी नव्हती. ती एका खेळानें बदलली. आणि बदलतांना आमच्या दुसऱ्याहि एका समजुतीस, म्हणजे आम्ही उत्तम प्रेक्षक आहों या समजुतीस, तडा देऊन गेली. त्या खेळाचें परीक्षण येथें करावयाचें आहे.

आरंभींच एक कबुली दिली पाहिजे. हा खेळ आम्हीं खेळलेला नाहीं, पाहिलेला आहे. खेळल्या त्या आमच्या सौभाग्यवती. चिरंजीव नोकरीनिमित्त बंगळुरास गेले, त्यांचें प्लेस्टेशन यंत्र आमच्याकडे मागें राहिलें, आणि दिवाळीस घरीं आले असतां त्यांनीं आपल्या मातोश्रींस ‘सायलेंट हिल २’ हा खेळ लावून दिला. सौभाग्यवती गणिताच्या पदवीधर. कोडें दिसलें कीं त्यांचा हात शिवशिवतो. ‘आई, यांत कोडीं पुष्कळ आहेत,’ एवढेंच चिरंजीवांनीं सांगितलें. राक्षसहि पुष्कळ आहेत, हें सांगण्याचें त्यांनीं शिताफीनें टाळलें. पुढें सुमारें पांच आठवडे रोज रात्रीं, जेवणें व झांकपाक आटोपल्यावर, तासभर हा उद्योग चाले. त्या सतरंजीवर कंट्रोलर घेऊन बसत आणि आम्ही शेजारच्या आरामखुर्चींत प्रथम पुस्तक उघडून, मग पुस्तक उघडें ठेवून पण न वाचतां, आणि अखेरीस पुस्तक मिटून बसत असूं. ज्या वाचकांस हा खेळ स्वतः खेळावयाचा असेल, त्यांनीं हा लेख येथेंच बाजूस ठेवावा, कारण कथानकाचें रहस्य झांकून त्याचें परीक्षण करणें शक्य नाहीं.

‘सर्व्हायव्हल हॉरर’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या खेळांच्या जातींतला हा खेळ आहे. हें नांव १९९६ सालीं कॅपकॉम या जपानी कंपनीच्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ या खेळानें रूढ केलें. मराठींत आपण त्यास ‘तग धरण्याचा भयखेळ’ म्हणूं. या जातीचें मर्म राक्षसांत नसून टंचाईंत आहे. नायक योद्धा नसतो. त्याच्यापाशीं गोळ्या थोड्या, औषध थोडें, उजेड थोडा. सांपडलेली प्रत्येक वस्तु आतां वापरावी कीं पुढील अडचणीसाठीं राखावी, हा विचार खेळणाऱ्यास पावलोपावलीं करावा लागतो. महिन्याची अखेर पार पाडणाऱ्या कोणत्याहि गृहिणीस या विचाराची नवलाई वाटण्याचें कारण नाहीं.

कोनामी या दुसऱ्या जपानी कंपनीनें १९९९ सालीं ‘सायलेंट हिल’ हा खेळ काढला. तळ्याकांठचें एक कल्पित अमेरिकन गांव, त्यावर पसरलेलें दाट धुकें, आणि त्या धुक्यांत हरवलेल्या मुलीस शोधणारा बाप, असें त्याचें स्वरूप होतें. त्या काळच्या यंत्रास दूरवरचें दृश्य रेखाटण्याची ताकद नव्हती. ती उणीव झांकण्यास धुकें उपयोगी पडलें. पण गरजेपोटीं आलेली ही वस्तु त्या कृतीचा आत्माच होऊन बसली. छंदाच्या अडचणींतून कवीस कधीं कधीं नवी कल्पना सुचते, तसाच हा प्रकार म्हणावयाचा. २००१ सालीं त्याच टोकियोतील मंडळींनीं, म्हणजे ‘टीम सायलेंट’नें, त्याचा दुसरा भाग काढला. दिग्दर्शन मासाशी त्सुबोयामा यांचें, कथालेखन हिरोयुकी ओवाकू यांचें, संगीत अकिरा यामाओका यांचें आणि त्यांतील विचित्र आकृतींची कल्पना मासाहिरो इतो यांची. २०२४ च्या ऑक्टोबरांत पोलंडमधील क्राकूव्ह येथील ‘ब्लूबर टीम’ या संस्थेनें तोच खेळ नव्या यंत्रासाठीं पुन्हां घडविला. आमच्या घरीं चालला तो हा नवा पाठ. आजच्या यंत्रास क्षितिजापर्यंतचें सारें दाखवितां येतें. तरीहि धुकें ठेवलेलें आहे, आणि तें योग्यच झालें आहे.

उत्तरार्ध म्हटला कीं तींच पात्रें, तोच शत्रु आणि दुप्पट आरडाओरडा, असा बाजारी रिवाज आहे. या उत्तरार्धानें पूर्वार्धांतील गांव तेवढें घेतलें. नायक, कथा, प्रयोजन सारें सोडून दिलें. जेम्स संडरलंड हा साधा कारकुनी चेहऱ्याचा गृहस्थ एका सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या मळकट आरशांत स्वतःचें तोंड न्याहाळीत उभा आहे, येथून आरंभ. त्यास पत्नीचें पत्र आलें आहे: आपल्या त्या आवडत्या ठिकाणीं मी तुझी वाट पाहत आहें, अशा आशयाचें. पत्नी मेरी तर तीन वर्षांपूर्वींच दुखण्यानें वारली आहे, असें तो स्वतःच सांगतो. मृताचें पत्र हातीं घेऊन तो धुक्यांत उतरतो. वाटेंत त्यास चौघें भेटतात. बापाच्या अत्याचारांतून पळालेली अँजेला. जन्मभर हेटाळणी सोसून शेवटीं हिंसेस प्रवृत्त झालेला एडी. लॉरा नांवाची सुमारें आठ वर्षांची मुलगी. आणि मेरीचेंच रूप घेतलेली, पण पोशाख, चालणें, बोलणें सर्व उलट असलेली मारिया. ही मारिया त्याच्या डोळ्यांदेखत पुनःपुन्हां मरते आणि पुनःपुन्हां समोर उभी राहते. ज्याच्या मस्तकाच्या जागीं लोखंडी त्रिकोणी टोप आहे आणि जो हातांतील प्रचंड सुरा फरफटत ओढीत येतो, असा एक घातकी जेम्सचा माग सोडीत नाहीं.

तळ्यापलीकडील उपाहारगृहाच्या ३१२ क्रमांकाच्या खोलींत, जेथें हें जोडपें पूर्वीं राहून गेलें होतें, जेम्सला एक चित्रफीत सांपडते. ती लावतांच रहस्य फुटतें. मेरी दुखण्यानें वारलेली नाहीं. दुखण्यास कंटाळलेल्या नवऱ्यानें उशीनें तिचा श्वास कोंडला. गांवांतील सारे राक्षस, त्या परिचारिकांसारख्या दिसणाऱ्या वेड्यावांकड्या आकृति, तो टोपवाला घातकी, हे सर्व त्याच्या मनानें त्याच्याच शिक्षेसाठीं निर्माण केले होते, आणि अखेरीस तो स्वतः तसें कबूलहि करतो. मूळच्या २००१ च्या खेळांत तर जेम्सच्या पिशवींतील पत्रावरचीं अक्षरें पुढें पुढें नाहींशीं होतात आणि शेवटीं पत्रच उरत नाहीं. पत्र आलेंच नव्हतें.

गुन्हेगाराच्या शोधास निघालेल्या माणसानें स्वतःपाशीं येऊन थांबावें, ही योजना सोफोक्लीसाइतकी जुनी आहे. ईडिपसची कथा हीच. पतीनें पत्नीस शय्येवर गुदमरवून मारावें, हेंहि महाराष्ट्रास नवें नाहीं. ‘ऑथेल्लो’वरून देवलांनीं रचलेला ‘झुंझारराव’ १८९० पासून आपल्या परिचयाचा आहे. परंतु ऑथेल्लोचा हात संशयानें चालतो आणि जेम्सचा शिणवट्यानें. संशयाचें नाटक पाहतांना आपणांस ‘आपण बरे, आपलें घर बरें’ असें म्हणतां येतें. वर्षानुवर्षें घरांत पडून असलेलें आजारपण ज्यानें पाहिलें आहे त्यास शिणवट्याच्या नाटकासंबंधीं तसें म्हणतां येत नाहीं.

आतां आमच्या आरामखुर्चीकडे येऊं. भरताच्या नाट्यशास्त्रांत भयानक हा आठ रसांपैकीं एक आहे, आणि भय हा त्याचा स्थायीभाव. अभिनवगुप्तानें रसाची उपपत्ति सांगतांना उदाहरण घेतलें आहे तें ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकांतील, दुष्यंताच्या बाणापुढें पळणाऱ्या हरिणाचें. तें पाहतांना सहृदयास जें भय प्रतीत होतें तें ‘मी भ्यालों’ अशा स्वरूपाचें नसतें, किंवा ‘माझा मित्र भ्याला’, ‘माझा शत्रु भ्याला’ असेंहि नसतें. त्याची व्यक्ति, स्थळ, काळ यांशीं बांधलेली गांठ सुटलेली असते, म्हणूनच तें आस्वाद्य होतें. स्वतःच्या सुखदुःखांत बुडालेला माणूस रसास पारखा होतो, हें रसास येणाऱ्या विघ्नांपैकीं एक विघ्न त्यानें सांगितलेलें आहे.

हा विचार मनांत ठेवून आम्ही पाहूं लागलों, तों एक गोष्ट ध्यानीं आली. खेळणाऱ्यास भय असतें, पण भयानक नसतो. सौभाग्यवतींचें लक्ष नकाशाकडे, उरलेल्या गोळ्यांकडे, अंधारांतून येणाऱ्या आकृतीच्या अंतराकडे. जेम्सजवळ एक खिशांतला रेडिओ आहे. राक्षस जवळ आला कीं तो खरखरूं लागतो. त्या खरखरीसरशीं त्यांचा अंगठा चाले, आमच्या अंगावर कांटा येई. ‘मॅकबेथ’मध्यें खुनानंतर दारावर पडणाऱ्या थापांवर डी क्विन्सीनें १८२३ सालीं एक प्रसिद्ध निबंध लिहिला, त्या थापांनीं माणसांचें जग परत आल्याची वार्ता कळते, असें त्याचें म्हणणें. येथें ती खरखर माणसांचें जग निघून गेल्याची वार्ता देते. हें सर्व आम्हांस सुचे, कारण आमच्या हातांस काम नव्हतें. गांवच्या वस्तुसंग्रहालयांतील भिंतीवर त्याच टोपवाल्याचें एक जुनें चित्र आहे; तें प्रथम आम्हांस दिसलें. चिमुकली लॉरा त्याच रस्त्यांवरून खुशाल उड्या मारीत जाते, तिला कशाचीच भीति वाटत नाहीं. अर्थात् तिच्या डोळ्यांस तेथें राक्षसच दिसत नसले पाहिजेत, हा तर्कहि आमचाच. अँजेला एका जळत्या जिन्यावर उभी असते आणि जेम्सलाहि त्या ज्वाळा दिसत आहेत हें कळतांच, आपल्याला नेहमींच असें असतें, अशा अर्थाचें बोलून ती ज्वाळांत चढून जाते. त्या वेळीं सौभाग्यवतींच्या हातीं करण्यासारखें कांहींच नव्हतें, आणि तेवढ्या क्षणापुरत्या त्या आमच्याच पंक्तीस येऊन बसल्या.

यावरून आम्हीं असा सिद्धांत बांधला, कीं या नव्या कलेचा खरा सहृदय खेळणारा नव्हे, त्याच्या शेजारीं बसणारा होय. खेळणारा नट आणि प्रेक्षक यांच्यामध्यें लोंबकळत असतो. शेजाऱ्यास मात्र भयाचा अनुभव जवळून आणि तरीहि निर्लेप घेतां येतो. नाट्यगृहांत रंगभूमि दूर असते; येथें जिचा श्वास अडखळतो आहे ती व्यक्ति हाताच्या अंतरावर आहे. हा सिद्धांत आम्हांस फार आवडला. चार व्याख्यानांचा मजकूर झाला, असेंहि मनांत आलें.

या खेळास आमच्या वाङ्मयांत जवळचें असें कांहीं असेल तर तें भवभूतीचें ‘उत्तररामचरित’. तोहि एक उत्तरार्धच, ‘महावीरचरिता’नंतरचा. त्यांतहि पत्नीवर अन्याय केलेला पति तिच्या आठवणींच्या स्थळांतून भटकतो. तिसऱ्या अंकांत राम पंचवटीच्या परिसरांत येतो, ओळखीचें एकेक झाड पाहून मूर्च्छित पडतो, आणि कोणासहि दिसूं नये असा वर मिळालेली सीता तेथेंच उभी राहून सारें पाहत असते. आणि सातव्या अंकांत तर गर्भनाटक आहे: सीतेच्या त्यागानंतरची कथा रंगभूमीवर दाखविली जाते आणि राम प्रेक्षक म्हणून ती पाहतो. आपल्याच कृत्याचा प्रेक्षक होण्याची शिक्षा भवभूतीनें रामास दिली. ३१२ क्रमांकाच्या खोलींत जेम्सला तीच मिळते. फरक इतकाच, कीं भवभूति शेवटीं सीतेस परत देतो. येथें तशी आशा नाहीं. मेरीचें रूप घेऊन जें परत येतें तें प्रायश्चित्ताऐवजीं मोह होऊन येतें. ही तुलना कोणास धाडसाची वाटेल. दोहोंची योग्यता सारखी असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु प्रश्न एक आहे, आणि त्यास दिलेलें उत्तर अप्रामाणिक नाहीं. शेवटच्या भेटींत जेम्स ‘तुझे हाल मला पाहवेनात म्हणून’ एवढ्यावरच थांबत नाहीं. आपल्याला तिचा तिटकारा आला होता, आपलें आयुष्य आपल्याला परत हवें होतें, हेंहि तो बोलून टाकतो. दयेच्या नांवाखालीं खून पचविण्याचा सोपा मार्ग लेखकांनीं टाळला, ही या कृतीची सर्वांत मोठी नैतिक कमाई होय.

दोषहि सांगितले पाहिजेत. मूळ खेळ आठ-नऊ तासांत पुरा होत असे. नव्या पाठानें तो जवळजवळ दुपटीनें लांबविला आहे, आणि ती लांबी मुख्यतः मारामारीची आहे. रुग्णालय आणि त्यापुढील तुरुंग येथें तर त्याच त्या आकृति त्याच त्या कोपऱ्यांतून इतक्या वेळां येतात, कीं भयाची जागा चिरचिरेपणा घेतो. टंचाईचा मूळ नियमहि तेथें ढिला पडतो, कारण इतक्या शत्रूंस पुरतील इतक्या गोळ्या पेराव्या लागतात. परिचारिकांच्या आकृतींतील कामुकता नायकाच्या मनाचें प्रतिबिंब आहे, हें समर्थन आम्हांस मान्य आहे. पण प्रतिबिंब दाखवितांना कलावंताचीहि नजर तेथें थोडी अधिक रेंगाळते, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. कोड्यांपैकीं कांहीं कथेंत विरघळलेलीं, कांहीं केवळ कुलुपें. युरोपांत हा खेळ १८ वर्षांखालील मुलांसाठीं नाहीं असें वेष्टनावर छापलेलें असतें. तें आमच्या वाचकांनीं गंभीरपणें घ्यावें.

येथवर हें परीक्षण नेहमींच्या वाटेनें आलें आहे, आणि येथेंच संपलें असतें तर आमची प्रतिष्ठा शाबूत राहती. परंतु ज्या रात्रीं ती चित्रफीत लागली, त्या रात्रीची हकीकत टाळून पुढें जाणें सचोटीचें होणार नाहीं.

आमच्या मातोश्री अर्धांगवायूनें चार वर्षें अंथरुणास खिळून होत्या. त्यांस जाऊन आतां दोन वर्षें झालीं. त्या चार वर्षांत त्यांचें उठविणें-बसविणें, भरविणें, कुशीवर वळविणें हें सौभाग्यवतींनीं केलें. दिवसां एक बाई मदतीस असे. रात्र त्यांची एकट्यांची. आम्ही पैशास कमी केलें नाहीं, डॉक्टरांकडे खेपा घातल्या, आणि संध्याकाळीं मातोश्रींच्या खोलीच्या दाराशीं खुर्ची टाकून वाचीत बसत असूं. आंत कांहीं जड काम चाललेलें दिसलें कीं ‘अग, जरा बस कीं’ असें म्हणत असूं. म्हणत असूं आणि पान उलटीत असूं.

चित्रफीत संपली. जेम्स त्या रिकाम्या खोलींत खुर्चीवर बसून राहिला. सौभाग्यवतींनीं कंट्रोलर सतरंजीवर ठेवला. आम्ही ‘ईडिपस’विषयीं कांहीं तरी बोलणार होतों. त्या म्हणाल्या, ‘अहो, एका रात्रीं मी आईंना पाणी पाजायला उठलें आणि दारांतच थांबलें. वाटलें, आतां हें संपावें. कुणासाठीं संपावें असं वाटलं, त्यांच्यासाठीं कीं माझ्यासाठीं, तें मला अजून ठरवतां आलेलं नाहीं. मग आंत गेलें आणि पाणी पाजलं.’

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. ‘मलाहि तसें वाटलें होतें’ असें म्हणावें तर तेंहि खरें नव्हतें. तसें वाटण्याइतके आम्ही त्या खोलीच्या आंत कधीं गेलोंच नव्हतों. ज्यास शिणवटाच आला नाहीं, त्यास त्या विचाराच्या मोहांत पडण्याचा आणि त्यावर मात करण्याचा अधिकार कोठून येणार? साधारणीकरणाची आमची सारी विद्या त्या क्षणीं निरुपयोगी झाली. अभिनवगुप्ताच्या मतें वैयक्तिक सुखदुःख गळून पडतें तेव्हां रस उत्पन्न होतो. येथें रस पूर्ण झाला आणि त्यानेंच आमचें गळून पडलेलें वैयक्तिक उचलून आमच्या हातीं परत दिलें.

दोन दिवसांनीं खेळ संपला. या खेळाचे शेवट अनेक आहेत; मूळांतील मुख्य तीन, नव्या पाठांत आणखी भर घातलेली. आमच्या घरीं आलेला शेवट ‘पाण्यांत’ या नांवाचा: जेम्स मोटारीसह तळ्यांत जातो, आणि मग मेरीचें खरें पत्र संपूर्ण ऐकूं येतें, ज्यांत तिनें त्याची क्षमा मागितली आहे आणि आपल्यामागें नीट जगावयास सांगितलें आहे. सौभाग्यवती गोंधळून म्हणाल्या, ‘असं कां झालं? मला तर त्यांनीं कांहीं विचारलंच नाहीं.’

चिरंजीवांस दूरध्वनि केला तेव्हां उलगडा झाला. या कृतीची सर्वांत असामान्य योजना तीच आहे, आणि ती २००१ पासून चालत आलेली आहे. खेळ शेवटाविषयीं प्रश्न विचारीत नाहीं. तो खेळणाऱ्याचें वर्तन गुपचूप पाहत असतो. मेरीचें छायाचित्र व पत्र अधूनमधून काढून पाहिलें, जखम होतांच उपचार केला, तर जेम्सला जगण्याची इच्छा आहे असें तो समजतो, आणि जेम्स लॉरास घेऊन गांवाबाहेर पडतो. अँजेलानें दिलेला सुरा काढून न्याहाळला, जखमी अवस्थेंतच फार वेळ वावरला, तर त्याला जगावयाचें नाहीं असें समजतो. सुरा सौभाग्यवतींनीं दोनचार वेळां काढून पाहिला होता. कोड्याचा भाग असेल अशी त्यांची समजूत. आणि जखमांची गोष्ट आम्हीं स्वतः रोज पाहत होतों. पडद्याच्या कडा लाल झालेल्या, जेम्स लंगडतो आहे, पिशवींत औषधाच्या सात-आठ बाटल्या. ‘अग, औषध घे कीं,’ आम्ही खुर्चींतून म्हणत असूं. ‘पुढें लागेल,’ असें त्यांचें उत्तर ठरलेलें.

हें उत्तर आमच्या कानांस नवें नव्हतें. मातोश्रींस उचलतां उचलतां त्यांची कंबर धरली, डॉक्टरांनीं पट्टा दिला, व्यायामोपचारास यावयास सांगितलें. ‘आतां नको, पुढें बघूं,’ असें म्हणून त्यांनीं तें टाळलें, आणि आम्हींहि तें त्यांचें म्हणणें म्हणून मान्य केलें. पट्टा कपाटांत तसाच आहे. मातोश्रींच्या मागें दोन वर्षें लोटलीं तरी त्या सकाळीं पलंगावरून उठतांना आधीं कडेवर वळून, मग एका हातानें टेकून उठतात. हें आम्हीं शेंकडों वेळां पाहिलेलें आहे. यंत्रानें पांच आठवडे त्यांची वागणूक पाहिली आणि निदान एक निष्कर्ष तरी काढला. आम्हीं सव्वीस वर्षें पाहिली आणि ‘स्वभाव’ म्हणून सोडून दिली.

यंत्राचा निष्कर्ष चुकीचा आहे, हें सांगितलें पाहिजे. जो स्वतःकडे दुर्लक्ष करतो त्याला जगावयाचें नाहीं, असें गणित त्यानें मांडलें. पण आमच्याकडील असंख्य स्त्रिया स्वतःकडे दुर्लक्ष करतात त्या दुसऱ्या कोणास जगावयाचें असतें म्हणून. जखम घेऊन चालणें आणि मरण मागणें या दोन गोष्टी या खेळाच्या कर्त्यांनीं एक मानल्या, ही त्यांच्या अनुभवाची मर्यादा. हा आक्षेप आम्ही सौभाग्यवतींपुढें मोठ्या आवेशानें मांडला. त्या म्हणाल्या, ‘फरक आहे खरा. पण बाहेरून बघणाऱ्याला तो कळायचा कसा? विचारल्याशिवाय?’

या प्रश्नापुढें परीक्षणकर्त्यानें लेखणी खालीं ठेवणें बरें. तरी निकाल द्यावयाचा तो देतों. ‘सायलेंट हिल २’ ही कांहीं ठिकाणीं लांबलेली, क्वचित् अभिरुचीस ढळलेली, पण रचनेनें आणि नैतिक धैर्यानें श्रेष्ठ अशी कृति आहे. करमणुकीच्या बाजारांत निर्माण होऊनहि तिनें करुणाचा प्रश्न भयानकाच्या वाटेनें विचारला आहे. ती एकट्यानें खेळावी, असा तिच्या चाहत्यांचा आग्रह असतो. आमचें मत उलट आहे. ती दोघांनीं पहावी: एकानें खेळून, एकानें शेजारीं बसून. मात्र शेजारीं बसणारानें आपलें आसन सुरक्षित आहे असें गृहीत धरूं नये.

आमच्या चार व्याख्यानांचा मजकूर तसाच पडून आहे. खेळ सौभाग्यवतींनीं संक्रांतीनंतर पुन्हां आरंभापासून लावला आहे. या खेपेस औषध वेळेवर घेऊन काय होतें तें त्यांस पाहावयाचें आहे, केवळ गणिती जिज्ञासेनें, असें त्या म्हणतात. आठवड्यांतून दोन दिवस मात्र खेळ लवकर मिटतो, कारण दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेसातास व्यायामोपचाराची वेळ असते, आणि तेथें आम्हीहि बरोबर जातों. तेथील बाई नवऱ्यासहि आंत बोलावतात. कंबरेस आधार कोठें द्यावा, हें हात लावून शिकवावें लागतें, असें त्यांचें म्हणणें आहे.